चौदा पावलांवरची शेकोटी : येडशीजवळच्या हुरडा-मुक्कामाबद्दल

फोनवर मी दर विचारण्याआधी एकच विचारलं, "शेकोटी कुठं पेटवता?" यापूर्वी दोन ठिकाणी हाच प्रश्न विचारला होता, तर "मॅडम, तुम्ही म्हणाल तिथं पेटवू, अगदी दारात पेटवू" असं उत्तर मिळालं. या शेतावरच्या दादांनी मात्र सांगितलं, "जागा ठरलेली आहे ताई. ती हलत नाही." मी तिथंच बुकिंग केलं.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. एकोणीस वर्षांच्या नोकरीतली सात वर्षं जळीत कक्षात गेली. थंडी सुरू झाली की कोणते रुग्ण येणार, हे आम्हाला ठाऊक असतं. शेकोटीपाशी शालीचा पदर पेटलेल्या आजी, अंघोळीच्या उकळत्या पाण्यात पडलेलं लेकरू, ओली लाकडं धरत नाहीत म्हणून बाटलीतून पेट्रोल ओतणारा पोरगा. त्यामुळे लोक अशा जागी गेल्यावर जेवण आणि बाथरूम बघतात, मी आधी आग बघते. हा अभिप्रायही बराचसा आगीबद्दलच आहे, आणि लहान मुलं किंवा म्हातारी माणसं घेऊन जाणाऱ्यांसाठी मुद्दाम सविस्तर लिहिला आहे.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही सहा जण गेलो. आई (वय बहात्तर), बहीण, भावोजी, आठ वर्षांचा भाचा, चार वर्षांची भाची आणि मी. लातूरहून मुरूड, ढोकी करत निघालो की तासा-सव्वा तासात येडशीचा डोंगर दिसायला लागतो. रामलिंगाचं देऊळ आणि अभयारण्य याच भागात आहे. शेत अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे, पण झाडी तीच, साग, धावडा, पळस आणि कमरेएवढं वाळलेलं गवत. पावसाळ्यात हिरवागार असणारा हा डोंगर जानेवारीत काडीपेटीसारखा कोरडा असतो. राखीव वनात आग पेटवायला भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार बंदी आहे. म्हणून रामलिंगाला जाऊन झाडाखाली चूल मांडायचा बेत कुणी करत असेल, तर तो सोडून द्यावा.

शेतावर चार लाकडी केबिन आहेत. जमिनीपासून दोन फूट उंच सिमेंटच्या खांबांवर उभ्या, आतून फळ्या, वर रंगीत पत्रा. पाचटाचं किंवा झावळ्यांचं छप्पर नाही, हे मी गाडीतून उतरताच बघून घेतलं. वाळलेल्या छपरावर एक ठिणगी पडली तरी पुरते. फोटोत असं छप्पर फार छान दिसतं, पण शेकोटीच्या शेजारी ते मला नको. दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि मागची खिडकी माणूस बाहेर पडू शकेल एवढी मोठी आहे, तिला गज नाहीत.

आईला केबिन बघताक्षणी आवडली. तिचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. आमच्या घरातलीही माणसं त्यात गेली. तेव्हापासून दगडी भिंतीच्या खोलीत आईला झोप लागत नाही, ती बाज अंगणात टाकायला लावते. लाकडी भिंतीवर हात फिरवून ती म्हणाली, "हे अंगावर आलं तरी माणूस वाचतंय." मला मात्र त्याच फळ्या बघून शेकोटी किती लांब आहे ते मोजावंसं वाटलं. आईची भीती तिच्या जागी खरी होती आणि माझीही.

मी मोजलं. आमच्या केबिनच्या पायरीपासून शेकोटीच्या कडेपर्यंत चौदा मोठी पावलं, म्हणजे साधारण पस्तीस फूट. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या अग्निसंहितेत मोकळ्यावरच्या अशा छोट्या शेकोटीसाठी बांधकामापासून किमान पंचवीस फूट अंतर सांगितलं आहे, आणि जळणाचा पसारा तीन फूट रुंदी व दोन फूट उंचीच्या आत ठेवायचा, असंही त्यात आहे. आपल्याकडच्या हुरडा-मुक्कामांवर मी असं अंतर फार कमी बघितलं आहे. बहुतेक ठिकाणी ओसरीच्या समोरच सात-आठ फुटांवर लाकडं रचतात, कारण पाहुण्यांना खुर्चीवरून उठायचं नसतं.

इथला खड्डा गोल, तीन फूट रुंद, दीड फूट खोल आहे. आतून भट्टीची वीट लावलेली, बाहेरून काळ्या दगडाचा कठडा. भोवती दहा-बारा फूट नुसता मुरूम, गवताची एक काडी नाही. बसायचे ओटे आगीपासून सहा फुटांवर पक्के बांधलेले, म्हणजे खुर्ची ओढून कुणी पुढे सरकू शकत नाही. वर बघितलं तर फांदीही नाही आणि तारही नाही. कडुनिंबाची एक फांदी येत होती, ती कापल्याची खूण दिसली.

भट्टीची वीट का, असं विचारल्यावर दादांनी जे सांगितलं ते प्रत्येक शेतवाल्यानं ऐकावं. पहिल्या वर्षी त्यांनी ओढ्यातले गोल गोटे आणून खड्डा बांधला होता. दिसायला सुंदर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेटत्या आगीत एक गोटा फटाक्यासारखा फुटला आणि त्याची ढलपी ओट्यापर्यंत उडाली. नशिबानं तिथं कुणी बसलेलं नव्हतं. आपला काळा पाषाण वरून घट्ट दिसतो, पण त्यात बारीक छिद्रं आणि चिरा असतात. ओढ्यातल्या दगडात पाणी मुरलेलं असतं. त्या पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. वाट मिळाली नाही की दगडच फोडून ती बाहेर पडते. दादांनी त्याच आठवड्यात सगळे गोटे काढून टाकले. चूक झाली हे पाहुण्यांसमोर सांगणारा मालक मला विश्वासाचा वाटला.

हुरड्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो चांगलाच होता. गुळभेंडी ज्वारी, कणसं डोळ्यांदेखत कापून आणलेली, आगटीत, म्हणजे जमिनीतल्या भाजायच्या खड्ड्यात, गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेली. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, खोबरं आणि घट्ट दही. दोन मावशी गरम कणसं हातावर चोळून देत होत्या. त्यांचे तळवे मी बघितले. वर्षानुवर्षांच्या कामानं ते घट्ट झालेत, तरी बोटांच्या पेरांवर ताजे फोड होते. गोणपाटाच्या तुकड्यात धरून कणीस चोळता येतं. दादांनी त्यांना तसे तुकडे किंवा जाड सुती हातमोजे द्यावेत, हे मी त्यांना सांगितलं आणि इथंही लिहिते आहे.

आता माझी खरी तक्रार. संध्याकाळच्या शेकोटीची एवढी काळजी घेणाऱ्या या लोकांनी दुपारची आगटी मात्र तशीच सोडून दिली होती. हुरडा संपला, पंगत उठली, मावशी भांड्यांकडे गेल्या. आंब्याच्या झाडाखाली तो हातभर खड्डा राखेनं भरलेला, वरून अगदी निवांत करडा. चारच्या सुमाराला भाचा चेंडूमागे अनवाणी पळत सुटला आणि चेंडू गडगडत नेमका तिकडे गेला. मी ओट्यावरून उठून धावले. दंड धरून त्याला मागे ओढलं तेव्हा त्याचा पाय राखेपासून वीतभर अंतरावर होता. नंतर काठीनं राख उकरून बघितली तर खाली आर लालभडक फुललेला.

ज्वाळेला मूल भितं. राखेला भीत नाही. गोवरीची आग राखेखाली तासन्‌तास जिवंत राहते, मोठा ढीग असेल तर दुसऱ्या दिवशीसुद्धा. राखेत पाय रुतला की मूल घाबरून आणखी रुततं, आणि आर बोटांच्या बेचक्यांत अडकतो. असे पाय मी धुतले आहेत, पट्ट्या बदलल्या आहेत. लेकरं पट्टीची गाडी दारात दिसली की रडायला लागतात. त्या दुपारी माझा आवाज चढला, बहिणीनं मला शांत केलं. दादा आले, त्यांनी वाद घातला नाही. दोन कळशा पाणी थोडं थोडं करत ओतलं, खोऱ्यानं राख वरखाली केली, परत पाणी ओतलं आणि वरून जुना पत्रा टाकून त्यावर दगड ठेवले. "आजवर कुणाचा पाय पडला नाही, म्हणून ध्यानातच आलं नाही ताई," असं म्हणाले. मी त्यांना सांगितलं, आगटीला लोखंडी झाकण करून घ्या, आणि हुरडा संपला की ते झाकल्याशिवाय कुणी पंगतीला बसायचं नाही.

संध्याकाळची शेकोटी साडेसातला पेटली. ती सांभाळायला साठीच्या आसपासचे एक मामा आहेत, आणि या जागेची खरी शिफारस मी त्यांच्यामुळे करते. पेटवण्याआधी त्यांनी शेजारच्या बांबूवर बांधलेली कापडाची चिंधी बघितली, वारा कुठून येतोय ते पाहिलं. पाण्याच्या दोन बादल्या आणि एक वाळूची बादली ओट्यामागे ठेवली, नळाची पाइप जोडून तोटी उघडून बघितली. मगच काडी ओढली. पेटवायला अर्धी गोवरी, मूठभर तुराट्या आणि नारळाच्या शेंड्या. रॉकेल नाही, डिझेल नाही. पेट्रोलबद्दल तर मामा म्हणाले, "ते गाडीला असतंय." पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, डोळ्यांना दिसत नाही, जमिनीलगत पसरत जाते. काडी खड्ड्यात टाकली तरी भडका पायाशी उठू शकतो. विझत आलेल्या शेकोटीवर बाटली उपडी करताना धार पकडून आग हातापर्यंत आलेली मुलं मी बघितली आहेत. पंचविशीच्या आतली मुलं असतात ती.

जळण वाळलेल्या बाभळीचं. बाभळीचा निखारा टिकतो, सारखं लाकूड टाकावं लागत नाही. नुसत्या तुराट्या-पऱ्हाट्या घातल्या की ज्वाळा डोक्यावर जाते आणि पेटलेल्या काड्या वाऱ्यावर उडतात. शेजारीच शाळू उभा होता आणि विहिरीच्या पलीकडे कडब्याची गंजी, म्हणून मामा मोठी ज्वाळा होऊच देत नाहीत. ते कण्हेर पण जाळत नाहीत, कारण तिचा धूर विषारी असतो. भावोजींनी कोपऱ्यात पडलेली रंगवलेली फळी उचलली, तर ती मामांनी हातातून काढून घेतली.

मुलांसाठी त्यांनी मुरुमावर चुन्याची एक रेघ मारली. "ह्या रेघंच्या आत फकस्त मी," एवढंच सांगितलं. भाची दोन तास त्या रेघेला पाय लावून बसली, पण आत गेली नाही. मी माझ्या बाजूनं आईची शाल मागे पिनेनं बसवली आणि भाच्याचं पॉलिस्टरचं जॅकेट काढून सुती स्वेटर घातला. पॉलिस्टर नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. कपडा पेटलाच तर पळायचं नाही, खाली पडून लोळायचं, तोंडावर हात धरायचा, हे मुलांकडून मी प्रत्यक्ष करून घेतलं. भाच्याला खेळ वाटला, त्यानं चारदा केलं.

सव्वानऊला चिंधी हलली आणि धूर केबिनकडे वळला. "वारं फिरलालंय बघा," म्हणत मामांनी नवीन लाकूड टाकणं बंद केलं आणि खड्ड्यावर बारीक जाळीचं लोखंडी झाकण ठेवलं. ठिणग्या जाळीतच अडायला लागल्या. समोरच्या केबिनमधल्या तरुण मंडळींना गाणी म्हणायची होती, त्यांनी आणखी लाकडं मागितली. मामांनी हात जोडले आणि नाही म्हणाले. त्या मुलांना राग आला असेल, त्यांनी कमी तारे दिले असतील, म्हणून मी हे इथं स्पष्ट लिहिते. त्या माणसानं त्यांच्या आणि आमच्या झोपेची काळजी घेतली.

दहाला विझवायला घेतलं. एकदम बादली ओतली की वाफेबरोबर गरम राख अंगावर उडते आणि तापलेल्या विटेला तडाही जातो. मामांनी निखारे सळीनं पसरले, तांब्या-तांब्यानं पाणी घातलं, ढवळलं, परत घातलं. चर्र आवाज थांबला तरी उठले नाहीत. शेवटी हाताची मागची बाजू राखेवर धरून बघितली. आदल्या दिवशीची राख झाकणाच्या लोखंडी डब्यात होती, केबिनपासून लांब, विहिरीच्या कडेला. प्लास्टिकच्या पाटीत नाही आणि उकिरड्यावरही नाही.

रात्री थंडी फार होती. आईनं सवयीप्रमाणे घमेल्यात चार निखारे घालून आत आणायला सांगितलं. आमच्या घरी पूर्वी तसंच करायचे. मामा म्हणाले, "आज्जी, आर आत न्यायचा नाय. मालकानं सांगितलं तरी मी देणार नाय." आई रुसली. मी तिला समजावलं. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोरानं चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं ऊब लागली म्हणून झोप आली. जुन्या घरांत धाब्याला धुराडं असायचं, दारांना फटी असायच्या. या फळ्या घट्ट बसवलेल्या असतात. शेगडी आत घेऊन झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशी बातमी दर हिवाळ्यात कुठून तरी येते. आईला दोन वाकळा आणि गरम पाण्याची पिशवी मिळाली. सकाळी ती मामांना स्वतःहून म्हणाली, बरं केलं बाबा.

अग्निशमन नळकांडी दोन आहेत, कोरड्या पावडरची. जेवणाच्या शेडमधल्याचा काटा हिरव्यात होता. केबिनकडच्याची पुन्हा भरायची तारीख चार महिन्यांपूर्वीच उलटलेली. एकाही केबिनमध्ये स्मोक अलार्म नाही. लाकडाच्या खोलीत लोक झोपवायचे असतील तर तो हवाच, फार महाग वस्तू नाही. शिवाय केबिनपाशी मोबाइलला रेंज येत नाही, शेडपाशी येते. १०८ ला फोन लावायचा झाला तर शंभर पावलं पळावं लागेल, हे पाहुण्यांना आल्याआल्याच सांगायला हवं. धाराशिव गाडीनं साधारण अर्ध्या तासावर आहे.

प्रथमोपचाराच्या पेटीत मला टूथपेस्टची नळी सापडली. भाजल्यावर लावायला म्हणून ठेवली होती. मी ती काढून दादांच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं. भाजलं की वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरायचं, साध्या पाण्याखाली. बर्फ नाही, हळद नाही, शाई नाही, पेस्ट नाही. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठ्या काढायच्या. चिकटलेला कपडा ओढायचा नाही. मग स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून दवाखाना गाठायचा. एका मावशींनी परत विचारलं, "वीस मिन्टं? येवढं?" होय, एवढं. घड्याळ लावून.

बाकी जेवण उत्तम, येसराची आमटी, बाजरीची भाकरी, सकाळी धपाटे आणि दही. बाथरूम स्वच्छ, गरम पाणी सोलरचं, पण सकाळी आठच्या आत पुरेसं तापत नाही. माणशी चौदाशे रुपये घेतले, मुलांचे निम्मे. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता कच्चा आहे, छोटी गाडी हळू न्यावी.

परत आल्यावर दहाव्या दिवशी दादांचा फोटो आला. आगटीवर लोखंडी झाकण, मूठ लाकडाची, आणि त्यावर पांढऱ्या रंगात "आत आर आहे" असं लिहिलेलं. खाली नळकांडं भरून आणल्याची पावती. स्मोक अलार्मचं "बघतो" म्हणालेत. मी पाचपैकी चार तारे देते आहे. अलार्म बसले की दादांनी कळवावं, मी हा अभिप्राय बदलेन. जाणार असाल तर तीन नंबरची केबिन मागा, ती शेकोटीपासून सर्वांत लांब आहे आणि तिथून पहाटे डोंगर दिसतो.